देणं नसलेला माणूस

शेजारच्या चुलीतला निखारा मागून आणण्यात मुरबाडात कुणाला कमीपणा वाटत नसे. पावसाळ्यात आगपेटीतल्या काड्या सादळायच्या, मग कुणाचीतरी पोर शेणीच्या तुकड्यावर विस्तव घेऊन फुंकर घालत घरी पळायची. आमच्या घरात ते चालत नसे. वडील म्हणायचे, "मागून आनलेल्या विस्तवावर शिजलेलं माज्या घशाखाली उतरत नाय." मग आई ओल्या काड्या छातीशी धरून उबवत बसे आणि आम्ही पोरं भुकेलेली.

एकदा पाहुणे आले तेव्हा आईने शेजारणीकडून वाटीभर साखर आणली. पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते उठून गेले, तसे वडील कुणाशी न बोलता बाजारात गेले, साखर विकत आणली आणि स्वतः जाऊन शेजारणीच्या ओसरीवर शिगोशीग वाटी ठेवून आले. शेजारीण इतकी दुखावली की पुढे कितीतरी दिवस तिने आमच्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही. वडिलांना यात काही चुकलं असं वाटलं नाही. मला या माणसाचा फार अभिमान होता आणि तितकाच संतापही यायचा.

वडील सुतार होते. बैलगाडीची चाकं करायचे. जवळच्या म्हसा गावची जत्रा पौषात भरते, तिथे बैल विकत घेतले की माणसं गाडीकडे बघतात आणि गाडीकडे बघितलं की चाकांकडे. त्यामुळे दिवाळीपासून जत्रेपर्यंत वडिलांना मान वर करायला फुरसत नसे, आणि मृगानंतर त्यांच्याकडे कुत्रं फिरकत नसे. जत्रा झाली की ते सगळी कमाई आईच्या ओच्यात टाकत आणि म्हणत, "हे वर्षाचं." पुढे तांदूळ काय भावाने येतो, तेल कधी संपतं, याची चौकशी त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही. एका पावसाळ्यात ते हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. त्याची गोष्ट ते पुढे आल्या-गेल्याला सांगत. "अंगात उठायचं बळ नव्हतं, पन कोनापुढं हात पसरला नाय." आई त्या वेळी बहुधा आतल्या खोलीत असायची.

आम्ही राहत होतो ते घर आमचं नव्हतं. मालक कल्याणला राहायचा. वडील त्याला भाडंसुद्धा आगाऊ देत, का तर महिना संपेपर्यंत आपण त्याचं देणं लागतो हेही त्यांना सोसत नसे. दुसरं महायुद्ध सुरू होऊन काही महिने झाले होते, तेव्हा एके दिवशी मालक आला, चहा प्याला आणि म्हणाला की घर विकायचं आहे. एक गवताचा व्यापारी मागे लागलाय, त्याला आमच्या अंगणात वखार घालायची आहे. "पण तुम्ही इतकी वर्षं राहताय. येत्या म्हशाच्या जत्रेपर्यंत थांबतो. तोवर पैसे उभे केलेत तर घर तुमचं."

अंगण गेलं तर वडिलांचा धंदाच गेला असता. चाक घडवायला मोकळी जागा लागते, चाकावर चढवायची लोखंडी धाव तापवायला जाळ करावा लागतो. असं अंगण बाजारात दुसरं नव्हतं आणि असलं तरी जाळ-धूर सहन करणारा मालक कुठून आणायचा? वडिलांकडे किमतीच्या निम्मेसुद्धा नव्हते. आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती तीन दिवस भाकऱ्या करपवत होती.

शाळेतल्या मास्तरांनी वाट दाखवली. शहापुरात एक पतपेढी निघाली होती, ती घ्यायचं तेच घर गहाण ठेवून ते घ्यायला पैसे देते म्हणे. गहाण हा शब्द ऐकून वडील मास्तरांच्या अंगावर धावून जायचे बाकी राहिले. पण त्या दिवशी आईचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "वखारवाला आला की चाकं काय माज्या डोक्यावर करशाल?" दुसऱ्या दिवशी वडील मास्तरांकडून अर्ज लिहून घेऊन आले.

मास्तरांनी एवढंच सांगितलं होतं की पेढीचा माणूस येऊन बाजारात तुमची पत विचारेल. झालं. वडिलांनी डोक्यावर टोपी चढवली आणि मला बरोबर घेऊन दुकानामागून दुकान पालथं घातलं. लोहाराकडे, कापडवाल्याकडे, तेल्याकडे, वाण्याकडे. सगळीकडे एकच बोलणं. "शहापूरचा मानूस येईल. त्याला सांगा, या मानसानं कधी कोनाचा पैसा उधार घेतला नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. वाणी तेवढा थोडा वेळ तोंडाचा आ करून बघत राहिला. मग म्हणाला, "सांगतो ना. तुमी म्हनता तसंच सांगतो." मला वाटलं, त्याच्या तोंडात सुपारी असेल.

पेढीचे गृहस्थ आले. छत्री, कॅनव्हासचे बूट, बोलायला मऊ. दिवसभर बाजारात फिरले. आमच्याकडे चहा घेतला आणि मोटारीने परत गेले. वडील इतके खुशीत होते की त्यांनी संध्याकाळी अंगण मोजायला घेतलं. कुठे छप्पर घालायचं, कुठे लाकूड रचायचं, सगळं ठरलं.

शहापूरला मावशी दिली होती, म्हणून अर्जाचा निकाल ऐकायला वडील गेले तेव्हा मीही बरोबर गेले. पेढी म्हणजे एक लांबट खोली, त्यात एक टेबल आणि एक बाक. टेबलामागे चष्मा लावलेले सेक्रेटरी. त्यांनी वडिलांना आदराने बसवलं आणि अर्ज नामंजूर झाल्याचं सांगितलं.

आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटून वडिलांनी कान पुढे केला.

"तुम्ही माणूस चांगले आहात, यात वादच नाही," सेक्रेटरी म्हणाले. "अख्खा बाजार सांगतो की तुम्ही कधी पैसा घेतला नाहीत. पण तुम्ही कुणाचा पैसा परत केलात, असं सांगणारा एकही माणूस आम्हाला मिळाला नाही."

"घेतलाच नाय तर परत काय करनार?"

"तेच तर."

"भाडं? भाडं तर मी महिन्याच्या आदीच देतो."

"म्हणजे तिथेही तुमच्यावर विश्वास ठेवायची पाळी कुणावर आली नाही."

मी वडिलांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडंच होतं. माझ्या स्वतःच्या कानांवर माझा विश्वास बसत नव्हता. ज्या गोष्टीसाठी आम्ही गार चुलीपुढे बसलो, शेजारीण तोडली, तीच गोष्ट हा चष्मेवाला माणूस आमचा दोष म्हणून मोजत होता! वडिलांनी आमच्या बाजारातल्या एका गाडीवानाचं नाव घेतलं. सगळ्यांकडून उसने घेणारा, संध्याकाळी झिंगणारा. "म्हंजे त्याची पत माज्याहून बरी?"

"घेतलेलं तो वेळेवर फेडत असेल तर, हो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना चेष्टा करायची नव्हती. उलट त्यांनी वडिलांना समजावून सांगितलं की पेढीचे सभासद व्हा, थोडी रक्कम उचला, ठरल्या दिवशी हप्ते भरा, आणि मग दिवाळीनंतर पुन्हा अर्ज करा. जत्रेला वेळ होता.

परतीच्या वाटेवर सरळगावला मोटार थांबली. वडील एकदम म्हणाले, "बाबा असते तर त्यांनी मला घराबाहेर काढला असता." आजोबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

त्यांनी कर्ज उचललं. लाकडासाठी म्हणून थोडेसेच पैसे, पण घरात सुतक आल्यासारखं झालं. नोटा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवल्या आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले. जेवताना घास अडकायला लागला. त्याच आठवड्यात आईला न सांगता ते शहापूरला गेले आणि जसेच्या तसे पैसे परत करून आले. किती हलकं वाटतंय म्हणून आल्या आल्या आंघोळ केली! सेक्रेटरी मात्र वैतागले होते. म्हणाले होते, "अहो, याला फेडणं म्हणत नाहीत. तुम्ही पैशांना मुरबाड दाखवून आणलंत."

हे ऐकल्यावर आईने कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा पैसे आले तेव्हा तिने ते दारातच त्यांच्या हातातून घेतले आणि त्याच दिवशी वैशाखरे गावाहून सागाचं लाकूड आणवलं. "आता बसा त्याच्याकडं तोंड करून," ती म्हणाली. हप्त्याची तारीख तिने भिंतीवर कोळशाने रेघ ओढून धरून ठेवली. वडील आधीच निघू लागले की दारात आडवी व्हायची. "ठरल्या दिशीच जायाचं. आदी गेलात तर त्यांना वाटंल की भ्यालात. मागनं गेलात तर वाटंल की बुडालात." या बाईला हे सगळं कुठून ठाऊक, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

दिवाळी झाली. हप्ते सगळे वेळेवर गेले होते. वडील वाळून काडी झाले होते, पण पुन्हा अर्ज दिला. पेढीने कळवलं की सुरुवात चांगली आहे, पण घराच्या मानाने हे फारच थोडे महिने झाले. कुणाशी जुना व्यवहार असेल तर तो दाखवा. आमचे गृहस्थ पुन्हा येतील आणि मग कमिटी काय तो शेवटचा निर्णय घेईल. मालकाचाही निरोप आला होता. गवतवाल्याने बयाणा पुढे केला होता.

गृहस्थ आले तो दिवस धाव चढवायचा होता. अंगणात शेणींचा जाळ, त्यात लाल झालेली लोखंडी कडी, वडील आणि लोहार मोठे चिमटे घेऊन उभे. आई पाण्याच्या घागरी भरून ठेवत होती, कारण धाव चाकावर बसली की लगेच पाणी ओतावं लागतं, नाहीतर लाकूड जळतं. गृहस्थांनी येताना वाण्यालाच बरोबर आणलं होतं. बाजारात सगळ्यात जुनं दुकान त्याचं.

"शेठ, नीट आठवून सांगा," गृहस्थ म्हणाले. "यांच्या घराशी तुमचा कधी उधारीचा व्यवहार झालाय? आता सगळं यावरच आहे."

वाण्याने खाली बघितलं. वडिलांनी चिमट्यात धाव उचलली होती, घामाने निथळत होते, तरी उत्तर त्यांनीच दिलं. "नाय वो! कितींदा सांगू? या घरात उधारीचा दाना आला नाय." आणि इतके महिने हेच उत्तर आपल्याला बुडवतंय हे ठाऊक असूनही त्यांची छाती पुढे आली होती.

"हाये," आई म्हणाली.

घागर कमरेवरच होती. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने गृहस्थांकडे बघितलं, वडिलांकडे नाही. "उधारी हाये. दर पावसाळ्याची. तांदूळ, त्याल, गूळ, समदं. आनि दर जत्रंला फेडलेली हाये. इचारा त्यांना."

वाण्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की लोहारसुद्धा वळून बघू लागला. "एकदाबी चुकल्या नायत वैनी," तो घाईघाईने बोलत सुटला. "जत्रंचा पयला पैसा माज्याकडं येतो, मंग बाकीचं. म्या वहीत लिवलं नाय. वैनीच म्हनल्या, लिवू नका, हे कदी दुकानात आले तर बघतील. माज्या डोक्यात हाये समदं. मागच्या खेपेला मी खोटं बोललो सायब, ह्यांनीच बोलायला लावलं!"

मी आईकडे बघत होते आणि मला ती ओळखू येत नव्हती. जन्मापासून ज्या घरात मी राहिले ते घर कुठलं होतं मग? श्रावणातल्या गुळाच्या खिरी, गौरीचा स्वयंपाक, माझ्या ताटातला पावसाळ्यातला प्रत्येक घास वाण्याच्या विश्वासावर आलेला होता आणि वर आम्ही शेजारच्या पोरींना नाक मुरडत होतो, त्या विस्तव मागायला येतात म्हणून.

वडिलांनी धाव खाली ठेवली होती. लोखंड काळं पडत चाललं होतं आणि लोहार "अरे चढव, चढव" करत होता, पण त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

"कदीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुमी हिवतापानं पडलात तवापासून."

"त्या पावसाळ्यात?"

"मंग पेज कशाची पाजत व्हते तुमाला?"

गृहस्थांनी छत्री उचलली. बिचाऱ्यांना तिथे उभं राहणं नको झालं असावं. जाताना आईला एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं." ते चाक त्या दिवशी झालं नाही.

लोहार गेल्यावर वडील ओट्यावर बसले. मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर जेवला असता का?"

ते जेवले नसते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या अंथरुणावर ते पेज बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून पडले असते. मेले असते, पण उधारीची पेज प्याले नसते. हे लक्षात आलं तेव्हा मला वडिलांचा असा राग आला की त्यांच्यासमोर बसवेना. आईचाही आला. इतकी वर्षं या माणसाला आपल्याच तोऱ्यात मिरवू दिलं आणि आज चारचौघांत उघडं पाडलं! दोघांचाही राग धरून मी विहिरीवर जाऊन बसले.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. वडील ताटावर बसत, पण प्रत्येक पदार्थाकडे आधी बघत. आतापर्यंत कधी न विचारलेली गोष्ट ते विचारू लागले, "हे आपलं का?" आई "आपलं" म्हणाली की मगच घास उचलत. एकदा ते वाण्याच्या दुकानापर्यंत गेले. त्याने बसायला पाट सरकवला तर नुसतेच उभे राहून परत आले.

शहापूरहून बोलावणं आलं. कमिटीला त्या बाईंनाच बघायचं होतं. आई आयुष्यात कुठल्या कचेरीत गेली नव्हती. तिने लग्नातलं लुगडं काढलं, मग विचार करून परत ठेवलं आणि रोजचंच धुतलेलं नेसली. मोटारीत वडील एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला आणि मध्ये मी. मला सारखं वाटत होतं की हे कर्ज मिळालं तरी या दोघांच्या मध्ये मी जन्मभर अशीच बसून राहणार.

बाकावर कमिटीची माणसं होती. एक वकील, एक गिरणीवाले, दोन खोत, सेक्रेटरी. वडील दाराजवळ अंग चोरून उभे राहिले. ज्या माणसाने अख्खा बाजार आपल्या बाजूने बोलायला लावला होता, तो आता खाली बघत टोपी हातात फिरवत होता. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की या सुताराला त्याच्या बायकोने उधारीवर पोसलंय आणि त्याला पत्ताच नव्हता. गिरणीवाल्यांच्या मिशीत हसू होतं, ते मला स्पष्ट दिसलं. मला त्यांच्या अंगावर शाईची दौत फेकावीशी वाटली.

वकिलांनी आईला तिच्या व्यवहाराचं थोडंफार विचारलं. तिने नेमकं सांगितलं. मग गिरणीवाले पुढे झुकून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, बाई. पण हे कर्ज तुम्हाला नाही, यांना द्यायचंय. यांनी पुढे हप्ते चुकवले तर?"

सगळे आईच्या तोंडाकडे बघू लागले. तिला बोलायला भरपूर जागा होती. आजवर मीच फेडत आले, पुढेही मीच फेडीन, असं ती म्हणाली असती तर ते खरंच होतं आणि कमिटीला तेच ऐकायचं होतं. वडिलांनीही तेच ऐकायची तयारी केली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले होते.

आई म्हणाली, "ते चुकवनार नायत. त्यांचा सबुद मला ठाऊक हाये. त्यांच्या जिवावरच तर मी इतकी वर्सं उधार उचललं."

दाराजवळून एक विचित्र आवाज आला आणि मी वळून बघितलं, तर वडील रडत होते. टोपी तोंडात कोंबून, खांदे गदागदा हलवत, सगळ्यांच्या देखत. बाप मेला तेव्हाही हा माणूस रडला नव्हता, असं आजी सांगायची. मला त्यांच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना. आई उठली नाही की त्यांच्याजवळ गेली नाही. तशी रीतच नव्हती. ती नुसती पदर मुठीत धरून समोर बघत बसली, आणि सेक्रेटरींनी हळूच कागद वडिलांच्या बाजूला वळवून सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.